मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घरून फराळ विकताना लेबलचा घोळ, प्रायमरी अथॉरिटी (एका कौन्सिलशी सल्ल्याचा करार) कुणी घेतलीय का?

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये घरूनच चिवडा, चकली, गोडा मसाला करून विकते, फूड बिझनेस म्हणून नोंदणी सुरू करायच्या २८ दिवस आधीच केली होती, किचन डिस्ट्रिक्ट कौन्सिलवाले बघून गेले, आणि लेबलचं काम काउंटी कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (व्यापाराचे नियम तपासणारा विभाग) असतं म्हणून त्यांनाही विचारून लेबल छापून घेतलं.

आता शेजारच्या काउंटीतल्या एका दुकानात माल ठेवला तर तिथले अधिकारी म्हणतात लेबल बदला!! लेबलवर ठळक दाखवायच्या १४ अ‍ॅलर्जन्समधले (अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ) माझ्याकडे शेंगदाणे, तीळ आणि फोडणीतली मोहरी आहेत (मोहरीपण त्यात येते हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीतच नसतं, प्लीज तपासा), तिन्ही ठळक छापलेत, मग एकाला चाललेलं दुसऱ्याला का चालत नाही? कुणाला काही झालं तर ही भीती आहेच, त्यामुळे मला नियम टाळायचे नाहीयेत, फक्त एकच पक्कं उत्तर हवंय.

वाचलं की २००९ पासून प्रायमरी अथॉरिटी स्कीम आहे, एका कौन्सिलशी करार करायचा, त्यांनी दिलेला अ‍ॅश्युअर्ड अ‍ॅडव्हाइस (खात्रीचा सल्ला) बाकीच्या कौन्सिलनाही मानावा लागतो आणि कारवाईआधी आपल्या करारातल्या कौन्सिलला कळवावं लागतं. २०१७ पासून छोट्या धंद्यांनाही खुली झालीय. पण कौन्सिल खर्च वसूल करते ना, तासावर किती पडतो? एखाद्या व्यापारी संघटनेमार्फत मिळून घेतली तर स्वस्त पडते का? कुणी केलं असेल तर सांगा, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत लेबल छापायचीत.