ओसाड पडलेला ऑनलाइन कट्टा सापडला तर... (अनुभव धागा)

तापीकाठ:
राम राम मंडळी. कळण्याच्या भाकरीचं प्रमाण शोधायला जावं आणि भलताच कट्टा उघडावा, जिथे शेवटचं बोलणं २००९ चं. "दिवाळीला पुण्याहून जळगावला गाडी करतंय का कोणी?" असा प्रश्न, आणि खाली उत्तरच नाही. ज्वारी-उडदाचं प्रमाण राहतं बाजूला, माणूस तासभर तिथेच फिरत बसतो. ही मंडळी कोण, बोलायची कधी थांबली, का थांबली? आठवणींसाठी दुसरे धागे आहेत. इथे फक्त हातची विद्या लिहा. असा कट्टा शोधायचा कसा, वाचायचा कसा, आणि फसायला कुठे होतं.

जंक्शन:
आधी सापडण्याचं बोलू. खान्देशी कट्टे देवनागरीत शोधून फारसं हाती लागत नाही. विंडोज एक्सपीत मंगल फॉन्ट होता, पण देवनागरी टंकायची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, बरेचदा मूळ सीडी घालून, वेगळी बसवावी लागे. सायबर कॅफेत तासाच्या पैशात ते कोण करणार? म्हणून बोलणं रोमन लिपीत आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. भुसावळ एकदा डब्ल्यूने शोधा, एकदा व्हीने. यावलचंही तेच. धुळ्याला जुन्या 'धुलिया'नेही हाक मारून बघा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या पोरांचे कट्टे 'एनएमयू' या अक्षरांखाली आहेत. बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये लागलं, त्यामुळे नव्या नावाने त्याआधीचं काही येत नाही.

बोलीवरून शोधणं त्याहून चांगलं, पण शब्द निवडून घ्यावा. अहिराणीतला 'शे' रोमनमध्ये लिहिला की इंग्रजीतला 'शी' होतो, आणि जगातल्या सगळ्या बायका हजर! 'मन्हा', 'तुन्हा', 'राह्यना' हे धरा. लेवा बोलीसाठी नुसतं 'मले-तुले' टाकलं तर अर्धा विदर्भ येतो, म्हणून सोबत रावेर, फैजपूर असं एखादं गाव जोडा. नुसत्या 'जळगाव'वर जळगाव जामोदही येतं. ते बुलढाण्यात आहे हे शोधयंत्राला कोण सांगणार.

पांझराकाठ:
कट्टा कधी बंद पडला हे ठरवताना तीन गोष्टींवर विश्वास ठेवू नये.

पहिली, तळाशी लिहिलेलं कॉपीराइटचं साल. ते बहुतेक ठिकाणी आपोआप बदलतं. माणूस एक नसला तरी तिथे चालू साल दिसेल.

दुसरी, शेवटची पोस्ट. ती बरेचदा घड्याळं, बूट नाहीतर गोळ्या विकणाऱ्या बॉटची (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची) असते. 'सर्वात नवा सदस्य' म्हणून तळाशी जे नाव दिसतं तेही बहुधा बॉटच. मागे मागे जात अशी शेवटची पोस्ट गाठा जिला दुसऱ्या माणसाने उत्तर दिलंय. कट्ट्याची खरी शेवटची तारीख ती. प्रश्न एकटा माणूसही विचारू शकतो, उत्तराला दुसरा लागतो.

तिसरी, पीएचपीबीबी या तयार सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कट्ट्यांत तळाशी असणारी 'एकाच वेळी सर्वाधिक सदस्य हजर' ही ओळ. तिच्यात पाहुणेही मोजतात, आणि शोधयंत्रांचे बॉट एकदम आले तर तेही पाहुणेच. एरवी १० माणसांच्या कट्ट्यावर ३०० चा विक्रम दिसला की समजून जायचं.

आता कामाची गोष्ट. अशा कट्ट्यात प्रत्येक धाग्याला चढता क्रमांक असतो आणि तो पत्त्यातच दिसतो. दर १००० व्या क्रमांकाचा धागा उघडून त्याची तारीख कागदावर लिहा. पहिले १००० वर्षभरात, पुढचे तीन महिन्यांत, मग त्यापुढचे दोन वर्षांत, असा आलेख १० मिनिटांत तयार होतो. चढ आणि उतार दोन्ही दिसतात. सलग २०-३० क्रमांक गायब असतील तर तिथे साफसफाई झाली आहे, म्हणजे भांडण तरी नाहीतर स्पॅमचा लोंढा तरी. डिसेंबर २००४ च्या सुमारास एकदम सगळं पुसलेलं किंवा विद्रूप झालेलं दिसलं तर सँटी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) आठवा. पीएचपीबीबीच्या २.०.१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना तो त्या महिन्यात लागला होता, आणि नवी शिकार गूगलवरच शोधायचा. बरेच छोटे कट्टे तिथून उठलेच नाहीत, कारण चालवणाऱ्याकडे बॅकअप नव्हता.

जंक्शन:
पांझराकाठ दादांच्या तारखांना एक जोड. वेळ वाचताना साडेपाच तास धरा. लॉगिन न केलेल्या पाहुण्याला कट्टा स्वतःच्या ठरलेल्या वेळेने तारीख दाखवतो, आणि ती बरेचदा ग्रिनिचची असते. रात्री २ वाजताची पोस्ट म्हणजे इथली सकाळ साडेसातची, चहाच्या वेळेची. 'ही पोरं रात्रभर जागायची' असा निष्कर्ष काढण्याआधी हे बघून घ्या.

मेहरूण:
ऑर्कुट आणि याहू ग्रुप्स वेगळे हाताळावे लागतात, कारण तिथे कट्टा मेला नाही, मालकाने इमारतच पाडली.

ऑर्कुट २४ जानेवारी २००४ ला सुरू झालं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. बंद झाल्यावर सार्वजनिक कम्युनिटींचा वाचण्यापुरता संग्रह गूगलने ठेवला होता, तोही २०१७ मध्ये काढला. मूळ ऑर्कुटच्या पत्त्यावर वेबॅक मशीनमध्ये (वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या ठिकाणी) गेलात तर बहुतेक वेळा लॉगिनचं पान मिळतं. आतलं सगळं लॉगिनमागे असायचं आणि बॉटला खातं नसतं, एवढंच कारण. म्हणून शोधायचं ते त्या संग्रहाच्या पत्त्याखाली, २०१४ ते २०१७ च्या नोंदींत. सगळं नाही, पण तुकडे मिळतात. स्क्रॅपबुकच्या (एकमेकांच्या पानावर लिहिलेल्या निरोपांच्या) नादी लागू नका, ते त्या संग्रहात कधी नव्हतंच.

याहू ग्रुप्सवर २८ ऑक्टोबर २०१९ पासून नवं काही चढवणं बंद झालं, जुना मजकूर ३१ जानेवारी २०२० नंतर उडाला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच संपली. पण ग्रुपच्या पहिल्या पानावर एक तक्ता असायचा, आडवे महिने, उभी वर्षं आणि प्रत्येक घरात त्या महिन्याच्या पत्रांची संख्या. वेबॅकमध्ये पहिलं पान मिळालं तरी पुष्कळ झालं, पत्रं न वाचता कट्ट्याची अख्खी कुंडली त्या तक्त्यात मिळते. खान्देशी ग्रुप असेल तर दोन ठिकाणी बोट ठेवा, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) महिना आणि श्रावणातला कानबाईचा सण. माणसं जिवंत असतील तर त्या दिवसांत दोन-चार पत्रं तरी पडणारच, 'आवंदा गावाला येतंय का' म्हणून. त्या घरांतही शून्य आलं की त्या ग्रुपची आशा सोडा, भले पुढच्या महिन्यात ४० पत्रं दिसोत. ती जाहिरातींची.

कळण्याची भाकर:
(तापीकाठ जिभाऊ, भाकरीचं प्रमाण सवडीने सांगेन.) वेबॅक मशीन वापरताना लोक नेमके कुठे चुकतात ते लिहिते.

पत्त्यात १४ आकडे असतात: वर्ष ४, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद दोन-दोन. वेळ ग्रिनिचची. तुम्ही २००६ च्या पानावरची लिंक दाबली आणि त्या लिंकची २००६ ची प्रत नसली, तर यंत्र गुपचूप जवळच्या तारखेवर नेतं. ती २०११ चीही असू शकते. प्रत्येक क्लिकनंतर आकडे वाचा. एकाच पानातली चित्रंही वेगवेगळ्या दिवशी साठवलेली असतात, त्यामुळे मजकूर २००६ चा आणि वरचा फलक २०११ चा असं धेडगुजरी पान तयार होतं. फलकावरून काळ ठरवू नका.

एखाद्या कट्ट्याचं काय काय साठवलंय ते एकत्र पाहायचं तर तारखेच्या जागी तारा-चिन्ह (*) टाका, आणि कट्ट्याच्या पत्त्याच्या शेवटीही तिरपी रेघ देऊन तारा-चिन्ह टाका. यादी येते. तिला गाळणी लावून 'टॉपिक' असा शब्द शोधा. वेबॅकची वरची पट्टी नको असेल, पान जसं होतं तसं हवं असेल तर १४ आकड्यांना चिकटून आय, डी आणि खालची रेघ लिहा.

सर्वात मोठी अडचण सेशनची, म्हणजे प्रत्येक भेटीला मिळणाऱ्या वेगळ्या ओळखीची. जुने पीएचपीबीबी कट्टे प्रत्येक लिंकच्या शेपटीला 'एसआयडी' म्हणून ३२ अक्षरांचा लांबलचक आकडा जोडायचे. बॉट येईल तेव्हा आकडा वेगळा, म्हणून तेच पान दहा वेगळ्या पत्त्यांखाली पडलेलं असतं, आणि तुमच्या हातातल्या पत्त्याखाली 'नाही' असं उत्तर येतं. एसआयडीपासून पुढची शेपटी कापून पुन्हा शोधा. तरी नसेल तर वरच्या यादीत फक्त धाग्याचा क्रमांक शोधा. धाग्याचं दुसरं-तिसरं पान हवं असेल तर शेवटी 'स्टार्ट' बरोबर १५, ३० असे आकडे असतात. एका पानावर किती पोस्ट मावतात त्याच्या पटीत. पहिल्या पानावरच्या पोस्ट मोजा म्हणजे पट कळते.

शेवभाजी:
चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फार शोधू नका. फोटोबकेटने जून २०१७ मध्ये फुकट खात्यांची चित्रं दुसरीकडे दाखवणं बंद केलं, टायनीपिक २०१९ मध्ये बंद झालं. चौकोनावर राइट क्लिक करून चित्राचा पत्ता घ्या आणि तो वेबॅकमध्ये वेगळा टाका. क्वचित लागतं.

वेलांटी:
आता लिपीचं. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली की लोक पान बंद करतात. करू नका, खिचडीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही सुटतात.

पहिला प्रकार जुन्या फॉन्टचा. उदाहरणार्थ कृतीदेवमध्ये 'आहे' लिहिताना प्रत्यक्षात व्ही, के, जी, एस अशी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट असला तर 'आहे', नसला तर खिचडी. पानात ही चार अक्षरं सुट्टा शब्द म्हणून वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा दिसली तर बहुधा कृतीदेव. शिवाजी, योगेश, श्रीलिपी यांची जुळणी निराळी, म्हणून युनिकोडमध्ये बदलून देणारा परिवर्तक त्याच फॉन्टचा लागतो. पानाचा सोर्स उघडून 'फॉन्ट फेस' शोधा, नाव तिथेच लिहिलेलं असतं. चुकीचा परिवर्तक लावला की काही शब्द बरोबर, काही विचित्र, असं अर्धवट पीक येतं आणि वाटतं की लिहिणाऱ्याचंच शुद्धलेखन वाईट होतं. बरोबर परिवर्तकातही दोन जागा हाताने तपासा, पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. 'धर्म', 'किर्र', 'स्थिती' असे शब्द नजरेखालून घाला. जोडाक्षरावर वेलांटी असेल तिथे परिवर्तक हमखास अडखळतो.

दुसऱ्या प्रकारात मजकूर मुळात युनिकोडच असतो, पण चुकीच्या संकेतात (एन्कोडिंगमध्ये) उघडलेला. ओळखायची खूण सोपी: डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान ए, आणि त्याच्या पाठोपाठ येन या जपानी नाण्याचं चिन्ह नाहीतर चार कोपऱ्यांना शेपट्या असलेलं गोल चिन्ह. अशा तीन-तीन खुणा म्हणजे एक देवनागरी अक्षर. पान उतरवून घ्या आणि ज्या मजकूर-संपादकात संकेत बदलता येतो, त्यात यूटीएफ-८ म्हणून उघडा. एका फटक्यात मराठी.

एरंडोलकर:
कट्टा इंटरनेटवर शोधण्याआधी माणसांच्या मेलपेटीत शोधा. ग्रुपचं प्रत्येक पत्र बहुतेक सदस्यांना मेलने जायचं, म्हणजे पूर्ण संग्रह कुणाच्या तरी जीमेलमध्ये अजून पडून असतो. शोधपट्टीत 'लिस्ट', मग कोलन आणि ग्रुपचा पत्ता टाकला की सगळी पत्रं गोळा होतात. त्यांना एक लेबल लावा आणि टेकआउटमधून (आपला डेटा उतरवायच्या गूगलच्या सोयीतून) तेवढंच लेबल उतरवा. एमबॉक्स नावाची एकच फाइल येते, थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. हे लवकर करा. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय, आणि याहू मेलमध्ये तर १२ महिन्यांचीच मुदत.

सीडीवर उतरवून ठेवलेली पानंही निघतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात पत्र्याखालच्या माळ्यावरच्या सीडी. ऊन आणि उष्णता लेखनयोग्य सीडीचा रंगथर खातात. उजेडाकडे धरून बघा, ठिपके दिसले तर तेवढा वरचा थर गेला. पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाचनाच्या वाटेनेच जातो. एकेक फाइल कॉपी करत बसू नका. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या सीडीची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीतली जशीच्या तशी प्रत, काढा. ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. एका ड्राइव्हने नकार दिला तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावा. ड्राइव्ह-ड्राइव्हचा फरक पडतो.

लळिंग:
सावधगिरीचे चार शब्द. ओस कट्ट्यावर आपला जुना पासवर्ड टाकून बघू नका. ज्या पानाचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत नाही, तिथून तो उघडा जातो. तिथली उतरवायची फाइल चालवू नका. आणि पत्ता तोच म्हणजे मालक तोच असं नाही. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की सवलतीचे काही दिवस, मग सोडवून घ्यायचे ३० दिवस, मग ५ दिवस, आणि नाव बाजारात. जुगारवाले असली जुनी नावं टपूनच असतात, कारण त्यांना जुन्या लिंका फुकटात मिळतात.

जिवंत पण ओस कट्टा साठवून घ्यायचा असेल तर डब्ल्यूगेट हा पानं उतरवणारा प्रोग्राम वापरा, पण दोन विनंत्यांत ३ सेकंदांची तरी उसंत द्या. कुणाच्या तरी कोपऱ्यातला म्हातारा सर्व्हर असतो, एकदम १०० पानं मागितली तर बसतो, आणि त्याला उठवणारा कुणी नसतो. वॉर्क या वेबसंग्रहाच्या फाइल-स्वरूपात साठवायला सांगा, म्हणजे पानासोबत तारीख आणि मूळ पत्ताही राहतो. आत लोकांचे घरचे पत्ते, मोबाइल नंबर, लग्न जुळवायच्या याद्या असतात. पुढे कुणाला देण्याआधी ते झाका. तेव्हा पन्नास जणांत लिहिलं होतं, पाच लाखांत नाही.

तापीकाठ:
वेलांटीताई, एक शंका. काही पानांत खिचडीही नाही, नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ओळीच्या ओळी. ते कसं सोडवायचं?

वेलांटी:
ते सुटत नाही, जिभाऊ. डेटाबेसला देवनागरी ठेवता आली नाही आणि त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. मूळ अक्षर पुसलं गेलं. बहुतेकदा हे कट्टा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना होतं, म्हणून भाकरताईंची युक्ती वापरा. त्याच धाग्याची, सर्व्हर बदलायच्या आधीची प्रत वेबॅकमध्ये बघा. नवी नोंद प्रश्नचिन्हांची असली तरी जुनी धड असू शकते. धाग्याचा क्रमांक द्या, मी बघते.