मदत हवी आहे: गेस्ट हाऊसमध्ये आधारच्या प्रती ठेवायच्या की नाही?

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडण्यातल्या एका सहा खोल्यांच्या गेस्ट हाऊससाठी पाहुण्यांच्या कागदपत्रांची नीट पद्धत बसवायची आहे. परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म (त्यांच्या मुक्कामाची सरकारला द्यायची माहिती) 24 तासांत ऑनलाइन भरला जातो, तिथे अडचण नाही. प्रश्न भारतीय पाहुण्यांचा. आधारचे फोटो रिसेप्शनच्या व्हॉट्सॲपवर येतात, तिथून फोनच्या गॅलरीत आणि क्लाउड बॅकअपमध्ये जातात. चॅट पुसली तरी प्रती मागे राहतात. म्हणून यापुढे फक्त शेवटचे 4 अंक दिसणारं मास्क्ड आधार बघायचं, रजिस्टरात नोंद करायची आणि फोटो घ्यायचाच नाही, असा विचार आहे.

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, हेतू संपला की डेटा पुसा. मात्र दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितला असेल तर ठेवा. इथेच गाडी अडलीय. पोलीस तपासणीला नुसती नोंद पुरते की प्रत दाखवावी लागते? किती काळ? शिवाय संमतीची सूचना (कोणती माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी) पाहुण्याला कोंकणी किंवा मराठीतही मागता आली पाहिजे. सोप्या भाषेतला नमुना कुणाकडे आहे का? सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा कृपया अंदाज नको, प्रत्यक्ष वापरात असलेली पद्धत सांगा.