मदत हवी आहे : दीर्घकालीन थकव्याच्या आजारात वाचताना होणारा डोळ्यांचा त्रास

मला तीन वर्षांपासून क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. थकव्याशी एक वेळ जुळवून घेतले, परंतु वाचन सुटत चालले आहे याची रुखरुख अधिक आहे. दहा-बारा मिनिटे पानावर नजर ठेवली की काळ्या-पांढऱ्या ओळी पट्ट्यांसारख्या थरथरू लागतात, कपाळ जड होते, आणि ओळ संपवून परतताना नजर खालची ओळ सोडून भलत्याच ओळीवर उतरते. चष्म्याचा नंबर बदललेला नाही, त्यामुळे ‘डोळे उत्तम आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. (तक्त्यावरचे एकेक अक्षर ओळखणे निराळे आणि सलग पान वाचणे निराळे, हे समजावता समजावताच मी दमते.)

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी या आजारातील नजरेच्या हालचाली आणि रेघांच्या नक्षीने होणारा त्रास अभ्यासला आहे, हे कळल्यावर हा माझा भास नव्हे एवढी खात्री पटली.

सध्या मी ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरते आणि पडद्याची पार्श्वभूमी फिकट पिवळी ठेवते; थोडा फरक पडतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का, याची तपासणी कोणी करून घेतली आहे का? त्यानंतर सुचवलेल्या डोळ्यांच्या व्यायामांनी, श्रमानंतर आजार बळावतो हे लक्षात घेता, उलट त्रास तर झाला नाही ना? वाचताना पानावर ठेवायच्या रंगीत पारदर्शक प्लास्टिक-कागदांचा फायदा काही आठवड्यांनंतरही टिकला का, हेही अनुभवींनी कृपया सांगावे. उत्तरे लहान परिच्छेदांत लिहिल्यास मला वाचता येतील.