नाळेतलं रक्त साठवण्यात पैसे घालावेत का? मला तरी पटत नाही

मुलुंडचा_बाबा (होणारा):
बायकोला सातवा महिना लागलाय. काल सोनोग्राफीच्या रांगेत एक गोडबोल्या मुलगा गाठ पडला. "सर, बाळाच्या स्टेम सेल ठेवा, आयुष्यभराचा विमा! मेंदू, हृदय, काहीही दुरुस्त होईल." हप्त्यांचीही सोय आहे म्हणे.

अहो, नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, मुख्यतः रक्तच बनवतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतात त्या वेगळ्या, पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातल्या. नाव दोघींचंही स्टेम सेल, आणि या नावावरच दुकान चाललंय.

दोन_पिल्लांची_आई:
मी दोन्ही वेळा भरले पैसे, आणि पस्तावले नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाला नाळेच्या रक्तानेच वाचवलं होतं. उद्या काय शोध लागेल कुणी सांगावं?

मुलुंडचा_बाबा:
ताई, ते रक्त त्याच्या बहिणीचं होतं! स्वतःचं ठेवलं असतं तर त्यातही तोच जनुकीय दोष निघाला असता. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातही, काही मुलांच्या रक्तात बिघाडाची सुरुवात जन्मतःच झालेली असते.

दोन_पिल्लांची_आई:
म्हणून तर आमच्या कंपनीत सगळ्या सभासदांचा साठा एकमेकांना वापरता येतो. आपलं नाही चाललं तर दुसऱ्याचं.

परळची_लॅबवाली:
मग ती रक्तपेढीच झाली की. रक्तदान करताना आपण कधी पैसे मोजतो का?

पण बाबा, तुम्हीही सरसकट 'नाही' म्हणू नका. माझ्या भाचीला थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे दात्याच्या पेशी चालतील का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अशा घरात पुढचं बाळ येणार असेल तर नाळेचं रक्त ठेवावंच. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थाही घरात असा रुग्ण असेल तर ठेवा म्हणते; निरोगी घरात स्वतःसाठी ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असंही तिचंच म्हणणं. शिवाय मोठ्या माणसाला एका पिशवीतल्या पेशी बहुधा पुरतच नाहीत. ते 'आयुष्यभर' तिथेच संपलं.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
आणि 'आत्ताच, नाहीतर कधीच नाही' ही भीती कशाला? जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशी मागे फिरवून भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. ही काही शेवटची कर्जत लोकल नव्हे.

दोन_पिल्लांची_आई:
तुमचं शास्त्र बरोबर असेल. मी झोप विकत घेतली, बस.

परळची_लॅबवाली:
घ्या की. पण एक सांगते, कंपनीच्या जाहिरात पत्रकात हे नसतं. बाळ बाहेर आल्यावर निदान मिनिटभर नाळ कापू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्यात बरंच रक्त बाळाकडे जातं, लोह मिळतं, ॲनिमिया टळायला मदत होते. पिशवी भरायच्या घाईत नाळ लवकर कापली तर बाळाच्याच हक्काचं रक्त फ्रीझरमध्ये जातं, उणे १९६ अंशांत. बाबा, डॉक्टरांना पैशांआधी हे विचारा.

मुलुंडचा_बाबा:
हे माहीतच नव्हतं. शनिवारी तपासणी आहे, विचारतो. त्या मुलाचे सकाळपासून तीन मिस्ड कॉल आलेत.