पश्मिन्याचा जाळीदार गळपट्टा : जाळी का मिटते?

प्रश्न (रत्नागिरी) : बहिणीने लेहहून पश्मिन्याची ५० ग्रॅमची गुंडी आणली आहे. ती पुण्यात राहते, म्हणून कार्तिकातल्या पहाटेसाठी तिलाच गोल, जाळीदार गळपट्टा विणून द्यावा, असे मनात आहे. साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर विणलेल्या नमुन्याची जाळी मात्र मिटून गेली. काय चुकले असावे?

उत्तर (दापोली) : ताई, हाताचा दोष नाही. पश्मिना म्हणजे लडाखमधल्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांच्या अंगावर हिवाळ्यात वाढणारी आणि वसंतात विंचरून काढलेली आतली लव. ती सुमारे १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकी बारीक असते आणि मेंढीच्या लोकरीएवढी लवचिक नसते. जाळीचे खरे रूप धुतल्यावरच दिसते. नमुना कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सर्व बाजूंनी ताणून, टाचण्या लावून पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवा. त्यानंतरही छिद्रे उघडली नाहीत, तर चार मिलिमीटरची बांबूची सुई घ्या. धातूच्या सुईवरून टाके फार लवकर निसटतात. ठरावीक ओळींनंतर टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवायला विसरू नका, म्हणजे चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागेल; कारण उसवताना ही लव एकमेकींत गुंतते आणि ते पाहवत नाही.

उत्तर (मालवण) : आपल्या दमट हवेत वाळवण पंख्याखाली ठेवावे. अर्धवट ओले घडी घातले, तर कुबट वास येतो.

प्रश्नकर्ती : नमुना आत्ताच भिजत घातला आहे. दोघींचे मनापासून आभार.