मदत हवी आहे: धडधड, चाचपणी आणि किड्यांचे पाल्प

नमस्कार मंडळी. छातीत धडधडतं म्हणून आईला इथे इंदूरलाच डॉक्टरांकडे नेलं. कागदावर ‘पॅल्पिटेशन’ लिहिलंय, आणि पोट दाबून पाहिलं त्याला ‘पॅल्पेशन’. आई इथल्या सवयीने ‘घबराहट होते’ म्हणते. मग तिला नुसती भीती वाटतेय, का ठोके जाणवतायत, हेच कळत नाही. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले तर टॅकिकार्डिया. पॅल्पिटेशन म्हणजे ठोके जाणवणं, वेग नॉर्मल असला तरी.

मुलगी बीएस्सीला आहे, तिच्या प्राणिशास्त्रात किड्यांच्या तोंडाजवळचे ‘पाल्प’ (अन्न चाचपायचे छोटे अवयव) आलेत. तिन्हींचं मूळ एकच लॅटिन क्रियापद, अर्थ हळुवार स्पर्श करणं!

पाल्पला मराठीत काय म्हणतात? शृंगिका नको, ती अँटेना. पॅल्पेशनला ‘चाचपणी’ चालेल? आणि ‘घबराहट’ऐवजी आईच्या तोंडी सहज बसेल असा शब्द सुचवा ना.