युद्धाने हक्क दिले म्हणजे नक्की काय झालं? (परवा सेमिनार आहे)

लातूरची_पोरगी
बी.ए. तिसरं वर्ष, इतिहास. विषय आहे दुसऱ्या महायुद्धाचा अमेरिकी समाजावर परिणाम. नोट्समध्ये एकच ओळ : "युद्धाने बेकारी संपली, स्त्रियांना काम आणि कृष्णवर्णीयांना हक्क मिळाले." युद्ध कुणाला हक्क कसं काय देईल? सर म्हणतात तसंच लिही, मार्क पडतात.

पूर्णा_जंक्शन
हे बघ माय, बेकारीचं खरं आहे. 1940 ला शंभरात चौदा-पंधरा जण रिकामे होते, 1944 ला एखाद-दुसरा. पण हक्कांचं तसं नाही.

मी पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये 34 वर्षं काढली, त्यात 20 वर्षं युनियनमध्ये. म्हणून मला ए. फिलिप रँडॉल्फ जवळचा वाटतो. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत बिछाने घालणारे, रात्री पॅसेंजरचे बूट पुसून ठेवणारे काळे पोर्टर, त्यांच्या युनियनचा हा पुढारी. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून पॅसेंजर प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे. युनियन 1925 ची, कंपनीने करारावर सही केली 1937 ला. बारा वर्षं! आम्ही ओव्हरटाइमच्या एका बिलासाठी दीड वर्ष भांडलो तर वैतागलो होतो.

1941 ला विमानं, तोफा बनवायचे कारखाने जोरात, पण काळ्या माणसाला काम मिळालं तर झाडू मारायचं. रँडॉल्फ म्हणाला, 1 जुलैला मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला येतो. आधी दहा हजार म्हणाला, मग एक लाख. जगाला लोकशाही शिकवायची आणि दारात हा मोर्चा? राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने 25 जूनला आदेश 8802 काढला : संरक्षण उद्योगात वर्णावरून भेदभाव नको. मोर्चा थांबला. पण सैन्यातल्या काळ्या-गोऱ्या पलटणी वेगळ्याच राहिल्या. त्या एकत्र करायचा आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने काढला, थेट 1948 ला.

आता माझ्या शेतातलं सांगतो. मागच्या सालचं सोयाबीन काढणीला आलेलं आणि वरून आभाळ. मे महिन्यात ज्या बायांना "काम नाही" म्हणून लावून दिलं, त्यांच्याच दारात मी सकाळी सहाला ॲपे घेऊन उभा. अडला हरी. त्यांच्यातल्या म्होरकीने एकरी साडेचार हजाराचं गुत्तं (ठेका) सांगितलं आणि एकही बाई तिच्या शब्दाबाहेर गेली नाही. मी मुकाट्याने हो म्हटलं. आता ते पैसे आभाळाने दिले का त्यांना? आभाळ तर दरसाल येतं.

हिशोबनीस_परभणी
कर सोडू नको. 1939 ला तिथं आयकर भरणारे चाळीसेक लाख, 1945 ला चार कोटींच्या वर. 1943 पासून पगारातूनच कापून घ्यायला लागले. आणि 1942 ला पगारवाढीवर बंधन आलं, तेव्हा कामगार टिकवायला मालकांनी आरोग्यविमा द्यायचं प्रमाण वाढवलं. नोकरी गेली की विमा गेला, हे तिथलं आजचं रडगाणं त्यातूनच आलं.

बीडकर_शंकासुर
काका, सोयाबीन पटलं. पण त्याच रूझवेल्टने आठ महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1942 ला, आदेश 9066 वर सही केली. जपानी वंशाचे सव्वा लाखाच्या आसपास लोक छावण्यांत. त्यातले दोन तृतीयांश तर अमेरिकेचे नागरिक. हातात मावेल तेवढं सामान घ्या, शेतं-दुकानं मिळेल त्या भावात विका. 1944 ला सुप्रीम कोर्टानेही ते चालवून घेतलं. माफी आणि हयात असलेल्यांना माणशी 20,000 डॉलर, ते 1988 च्या कायद्याने. यांचं आभाळ कुठं होतं?

पूर्णा_जंक्शन
शंका रास्त आहे. पण नकाशात हवाई बघ. जपानने हल्ला केला ते पर्ल हार्बर तिथंच. तिथं तिसरा हिस्सा लोक जपानी वंशाचे, शत्रूला जवळचे, म्हणजे सगळ्यात आधी तेच उचलायला पाहिजे होते. तिथं सरसकट कुणाला उचललं नाही, थोडेच धरले. एवढी माणसं काढली असती तर बेटांवरची कामं कुणी केली असती? कॅलिफोर्नियात ते मूठभर होते आणि त्यांच्या भाजीच्या मळ्यांवर शेजाऱ्यांचा डोळा होता.

लातूरची_पोरगी
हवाईचं नोट्समध्ये नाहीच! काका, सेमिनारमध्ये सोयाबीन सांगू का?

पूर्णा_जंक्शन
सांग की. फक्त गुत्त्याचा आकडा सांगू नको, गावातले शेजारी मला अजून बोलतात.